छोटी खासगी विमानं पडतात कशामुळे?

जुळेसोलापूरकर
८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी.

होटगी रोडच्या विमानतळावरून जूनपासून गोव्याचं आणि गेल्या महिन्यापासून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हापासून सोलापुरात घरोघरी विमानांच्याच गप्पा आहेत. त्यात अहमदाबादच्या दुर्घटनेची धास्ती अजून कुणाच्या मनातून गेलेली नाही. आमच्या घरी विषय आणखी जवळ आलाय. भाची बारावीनंतर वैमानिक व्हायचं म्हणतेय, बारामतीला चौकशीही करून आली. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, एकच प्रश्न आहे: "ती बारकी विमानं सारखी पडतात म्हणे, खरं का रे दादा?" तिला नीट उत्तर द्यायचं म्हणून मी अपघातांचे चौकशी अहवाल वाचायला घेतले. जे हाती लागलं ते इथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथे खोडावं.

आधी एक गोंधळ मिटवू. गोव्याला जाणारं एटीआर ७२ किंवा मुंबईचं एम्ब्रेयर यांच्याबद्दल हा धागा नाही. तिथे दोन वैमानिक असतात, हवामानाचं रडार असतं, प्रत्येक उड्डाणाआधी वजन-इंधन-हवामान तपासणारी माणसं जमिनीवर बसलेली असतात. मी बोलतोय ते दोन ते सहा आसनी, एका इंजिनाच्या सेसना, पायपर, टेक्नामसारख्या विमानांबद्दल, आणि उद्योगपती-पुढारी वापरतात त्या किंग एअर, लिअरजेट वर्गाबद्दल.

अशी विमानं सगळ्यात जास्त आहेत अमेरिकेत. तिथे खासगी उड्डाणांत दर लाख उड्डाण-तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. प्रवासी कंपन्यांपेक्षा हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आहे. म्हणजे बहिणीची भीती अगदीच निराधार नाही. त्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश अपघातांच्या मुळाशी वैमानिकाचा निर्णय किंवा हाताळणी निघते. इंजिन बंद पडलं, काहीतरी तुटलं, असे अपघात त्यामानाने कमी.

पण "वैमानिकाची चूक" एवढं लिहून विषय मिटवला की हाती काहीच लागत नाही, असं माझं मत झालंय. ती चूक झाली कशी, हे मागे मागे जाऊन बघितलं की बहुतेक वेळा आपण जमिनीवर येऊन पोचतो.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा, जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचं उदाहरण घ्या. १६ जुलै १९९९. दुसऱ्या दिवशी चुलत बहिणीचं लग्न. बेत उजेडी निघायचा होता, उशीर होत होत अंधार पडला. बरोबर पत्नी आणि मेहुणी. समुद्रावर हवा धुरकट, क्षितिज दिसेनासं झालेलं. बाहेर काही दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर विमान चालवायची पात्रता त्यांच्याकडे नव्हती. पायपर साराटोगा वळत वळत समुद्रात गेलं. इंजिनात बिघाडाची खूण मिळाली नाही. आता यातला निर्णायक क्षण कोणता? माझ्या मते संध्याकाळी विमानतळावर उभं असताना "आज राहू दे, सकाळी निघू" हे कुणीच म्हटलं नाही, तो.

दुसरं उदाहरण फुटबॉलपटू एमिलियानो सालाचं. २१ जानेवारी २०१९, फ्रान्समधल्या नांतहून कार्डिफला रात्री निघालेलं एक इंजिनाचं पायपर मालिबू. वैमानिकाला रात्री उडवायची परवानगी नव्हती, पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवानाही नव्हता. विमान ढग टाळता टाळता ताब्याबाहेर गेलं आणि हवेतच त्याचे तुकडे झाले. सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण घातक होतं. म्हणजे धुराड्याच्या बाजूने विषारी वायू केबिनमध्ये येत होता, आणि तो वैमानिकालाही बाधला असणार असं तपासात आलं. हे उड्डाण जुळवून देणाऱ्या माणसाला पुढे तुरुंगवास झाला. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. तो माणूस विमानात नव्हताच.

आपल्याकडेही बघा. ३० सप्टेंबर २००१ ला माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला जाताना मैनपुरीजवळ खराब हवामानात किंग एअर पडून गेले, विमानातले आठही जण दगावले. १७ एप्रिल २००४ ला अभिनेत्री सौंदर्या बेंगळुरूच्या जक्कूरवरून प्रचारासाठी करीमनगरला निघाली आणि सेसना उड्डाणानंतर लगेचच कोसळलं. सभेची घाई हे या अपघातांचं कारण होतं असा माझा दावा नाही. पण खाली मंडप भरलाय, माणसं थांबलीत, अशा वेळी "हवा ठीक नाही, मी नेत नाही" म्हणणाऱ्या वैमानिकाला आपल्या समाजात किती मान मिळतो, हा प्रश्न मला सोडवत नाही.

तर मंडळी, तुमचं काय म्हणणं?

---

निवृत्त_तंत्रज्ञ
८ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:०५

चांगला धागा. हवाई दलात इंजिनांवर आयुष्य काढलेला माणूस आहे, म्हणून थोडं यंत्राच्या बाजूने बोलतो.

"यंत्र बिघडणं कमी" हे आकड्यांत खरं आहे. पण ते कमी आहे त्यामागे हँगरमध्ये राबणारे हात आहेत. २८ जून २०१८ चा घाटकोपरचा अपघात आठवा. जुनं किंग एअर, बराच काळ जमिनीवर पडून होतं, दुरुस्तीनंतरचं चाचणी उड्डाण जुहूवरून, पावसाळी हवेत. दोन वैमानिक, दोन देखभालीतली माणसं आणि खालून रस्त्याने चाललेला एक माणूस, असे पाच जीव गेले. देखभालीची माणसं विमानात होती, हे लोक विसरतात. आमच्या धंद्यात, ज्यावर सही केली त्यात बसायची तयारी ठेवावी लागते.

आता इंधन. पिस्टन इंजिनाचं विमान-पेट्रोल निळसर असतं, ते मुद्दाम रंगवलेलं असतं. जेटचं इंधन जवळपास रंगहीन, रॉकेलच्या जातीचं. पिस्टनच्या टाकीत चुकून जेट इंधन गेलं तर विमान उडतं, आणि थोड्याच वेळात इंजिन मान टाकतं. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढून रंग बघायचा, वास घ्यायचा, खाली पाण्याचा थेंब बसलाय का बघायचं. पाणी इंधनापेक्षा जड, तळाशी बसतं, आणि उड्डाणाच्या वेळी नाक वर झालं की नेमकं इंजिनाकडे जातं. दोन मिनिटांचं काम आहे. दोन मिनिटांचं असल्यामुळेच ते चुकवलं जातं.

जॉन डेन्व्हर हा गायक कसा गेला ते वाचण्यासारखं आहे. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियाचा मॉन्टेरे उपसागर. विमान 'लाँग-ईझी', घरी बांधायच्या आराखड्याचं. ज्याने बांधलं त्याने टाकी बदलायचा खटका मूळ जागेवरून काढून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला होता. खटका हाताने फिरेना, म्हणून पकड बरोबर ठेवलेली. निघताना इंधन भरू का विचारलं तर डेन्व्हर नको म्हणाले. हवेत एक टाकी संपली, खटका फिरवायला ते मागे वळले आणि वळताना पायाने रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं सुकाणू) दाबला गेला असावा, असा तपासाचा निष्कर्ष. तपासात प्रशिक्षणाच्या त्रुटीबरोबर त्या खटक्याच्या जागेलाही दोष दिला आहे. म्हणजे वैमानिक, बांधणारा आणि इंधनाचा निर्णय, तिघे मिळून एक अपघात.

अवांतर: कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळतं त्या भागात, बर्फ धरतो हे आपल्याकडे कुणाला पटत नाही. दमट हवेत बाहेर २५ अंश असतानासुद्धा धरतो. पेट्रोलची वाफ होताना आणि नळी अरुंद होते तिथे हवा एकदम थंड पडते. इंजिन हळूहळू दम सोडतं, आणि गरम हवेचा खटका वेळेत ओढला नाही तर बंद पडतं. नंतर बर्फ वितळून जातो, तपास करणाऱ्याला पुरावाच सापडत नाही.

---

डॉ_पार्कचौक
८ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:३०

केनेडी यांच्या अपघातात शरीराचा जो भाग फसवतो, त्याबद्दल लिहिते. मी कान-नाक-घसा बघते, आणि चक्कर घेऊन येणारे पेशंट रोजचे आहेत.

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. आपण वळलो की नळी वळते, द्रव मागे राहतो, आणि त्या फरकावरून मेंदूला वळल्याचं कळतं. कपातला चहा ढवळत राहिलं की तो चमच्याच्या वेगानेच फिरू लागतो. तसा एकाच वेगाचं वळण वीसेक सेकंद चालू राहिलं की हा द्रवही नळीबरोबर फिरू लागतो आणि फरक संपतो. विमान अजून वळतंय, पण मेंदूला वाटतं आपण सरळ चाललोय. अशा वेळी वैमानिकाने विमान खरोखर सरळ केलं तर त्याला उलट्या दिशेला वळल्याचा भास होतो, आणि तो पुन्हा पहिल्या वळणात शिरतो. नाक खाली जातं, वेग वाढतो, तो नाक वर ओढतो, वळण आणखी आवळतं.

दिवसा, स्वच्छ हवेत डोळे ही फसवणूक दुरुस्त करतात. ढगात किंवा काळोख्या समुद्रावर डोळ्यांना पकडायला काही नसतं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात वीस शिकाऊ वैमानिकांवर प्रयोग झाला होता. त्यांना प्रशिक्षकासोबत, बाहेरचं काही दिसू न देता उडवायला लावलं. विसाच्या वीस जणांचं विमान ताब्याबाहेर जाण्याच्या स्थितीत पोचलं, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

यात हुशारी, धाडस, अनुभव यांचा संबंध नाही. कान सगळ्यांचा सारखाच आहे. उपकरणांवर विश्वास ठेवायचं वेगळं शिक्षण लागतं, आणि त्याचा सराव सुटला की ते पुसट होतं.

आणखी एक गोष्ट. उंचीवर प्राणवायू कमी पडला तर गुदमरल्यासारखं होत नाही, उलट बरं वाटतं, आणि विचारशक्ती निघून जाते. २५ ऑक्टोबर १९९९ ला गोल्फपटू पेन स्टुअर्टच्या लिअरजेटमध्ये केबिनमधला हवेचा दाब गेला. सगळे बेशुद्ध झाल्यावरही विमान ऑटोपायलटवर फ्लोरिडापासून साउथ डकोटापर्यंत उडत राहिलं आणि इंधन संपल्यावर पडलं.

---

उत्तरवारा
९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ७:४८

मी व्यावसायिक वैमानिक आहे. माहेर सोलापूर, प्रशिक्षण महाराष्ट्रातच झालं. डॉक्टरांनी लिहिलेलं आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात आणि तरीही ढगात शिरल्यावर पोटात गोळा येतोच.

छोट्या विमानांचा दुसरा मोठा शत्रू म्हणजे स्टॉल. गाडीसारखं इंजिन बंद पडणं असा लोकांचा समज असतो, पण इंजिन पूर्ण ताकदीने चालू असतानाही स्टॉल होतो. पंख समोरून येणाऱ्या हवेला एका मर्यादेपेक्षा जास्त तिरका धरला, साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे, की हवा पंखाला चिकटून वाहत नाही आणि पंख विमान उचलायचं सोडतो. उंची असेल तर नाक खाली घेऊन सावरता येतं. उतरताना शेवटच्या वळणावर, सात-आठशे फुटांवर झालं तर वेळच नसतो.

तेच वळण सगळ्यात वाईट. धावपट्टीची रेषा चुकून पुढे गेलो की माणूस वळण आवळतो. ४५ अंश तिरकं वळलं तर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. म्हणजे जो वेग सरळ उडताना सुरक्षित होता, तोच वळणात पुरत नाही. त्यात रडर जास्त दाबला गेला तर एक पंख आधी पडतो आणि विमान गिरकी घेतं. यावर उपाय एकच: वळण चुकलं तर पुन्हा फेरी मारायची. इंधन जातं, प्रशिक्षकाचा आवाज चढतो, मागचं विमान खोळंबतं. जाऊ दे.

उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं तर मागे वळून त्याच धावपट्टीवर यायचा मोह होतो. तो मोह अनेकांच्या जीवावर बेतला आहे. पुरेशी उंची नसेल तर समोर जे दिसेल त्यात, थोडं डावं-उजवं करून उतरायचं, हे आमच्याकडून घोकून घेतात.

सोलापूरच्या बाबतीत खास सांगते. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर, म्हणजे १,६०० फुटांच्या आसपास आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान १२ अंश धरतात. मे महिन्यात पारा ४२ वर असतो, म्हणजे ३० अंश जास्त. प्रत्येक जादा अंशामागे हवा सुमारे १२० फूट जास्त उंचीवर असल्याइतकी विरळ होते. हिशेब केला तर विमानाच्या दृष्टीने आपली धावपट्टी दुपारी ५,२०० फुटांवर जाते. कळसूबाईचं शिखर त्याहून जेमतेम दोनशे फूट वर आहे. इंजिन कमी ताकद देतं, पंख कमी उचलतात, धाव लांबते, चढण मंदावते. गार सकाळी चार माणसं आणि भरलेली टाकी घेऊन सहज उडणारं विमान मे महिन्याच्या दुपारी तेवढ्याच वजनाने धोक्यात येतं. बाहेरून विमान तेच दिसतं, म्हणून प्रवाशाला हे पटवणं कठीण जातं.

वजनावरून आठवतो अमेरिकन गायिका आलियाचा अपघात. २५ ऑगस्ट २००१, बहामाज, सेसना ४०२. वजन मर्यादेपेक्षा सुमारे तीनशे किलो जास्त, तेही मागच्या बाजूला झुकलेलं. नऊही जण गेले. वैमानिकाला ते विमान उडवायची मान्यता नव्हती, शरीरात दारू आणि कोकेनचे अंश सापडले.

जुळेसोलापूरकर, तुमच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे. "मॅडम, बॅगा घ्याव्याच लागतील" हे वाक्य आम्हा सगळ्यांना ओळखीचं आहे.

---

कुंभारीकर
९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:२०

समदं वाचलं. लई म्हायती मिळाली. आमचं रान कुंभारीच्या पलीकडं हाय, डोक्यावरनं विमान गेलं की पोरं पळत भायेर येत्यात. येक विचारायचं होतं. समजा उद्या असलं बारकं विमान आमच्या तुरीत न्हायतर उसात येऊन पडलं, तर आमी काय करायचं ओ? जवळ जायचं का लांब ऱ्हायाचं? पेट्रोल असतंय म्हणं त्यात. इंदापूरकडं कडबनवाडीच्या रानात पडलं होतं तवा गावकरीच पयलं पोचले होते.

---

निवृत्त_तंत्रज्ञ
९ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:१५

कुंभारीकर, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात. कडबनवाडीला जुलै २०२२ मध्ये शिकाऊ मुलगी एकटी विमान चालवत होती, ती वाचली. तुमच्यासारख्याच लोकांनी तिला मदत केली.

पहिलं, ११२ ला फोन. गाव, शिवार, जवळचा रस्ता नीट सांगा. विडी-काडी पूर्ण बंद, ट्रॅक्टर-मोटारसायकल लांब. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूने जवळ जा, म्हणजे इंधनाची वाफ अंगावर येणार नाही. पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, हात लावू नका. इंजिन बंद दिसलं तरी तो अचानक फिरू शकतो. विजेची तार तुटून विमानावर पडली असेल तर वीज बंद झाल्याशिवाय शिवायचं नाही. आग नसेल आणि माणूस बोलत असेल तर मान-पाठ न हलवता धीर द्या, वैद्यकीय मदत येऊ द्या. आग लागत असेल तर मात्र वाट बघू नका, बाहेर ओढा.

एक नवीन धोका सांगतो. सायरससारख्या काही विमानांत सगळं विमान हळूहळू खाली आणणारं मोठं पॅराशूट असतं. ते बाहेर फेकायला छोटं रॉकेट असतं. पडल्यावर ते उडालेलं नसेल तर जवळच्या माणसाला घातक ठरू शकतं. विमानावर त्याची इशारा-पट्टी असते. तिथे कुणाला उभं राहू देऊ नका, तो भाग कापायचा-ओढायचा नाही. या पॅराशूटने आजवर बऱ्याच जणांना वाचवलंय, तेव्हा त्याला नावं ठेवायचा हेतू नाही.

आणि तुकडे उचलून घरी नेऊ नका, गर्दीला नेऊ देऊ नका. एखादा नट-बोल्ट कुठे पडला यावरून कारण सापडतं.

---

अॅड_नवीपेठ
९ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२:४०

पुराव्याचा मुद्दा निघालाय म्हणून. भारतात विमान अपघातांची चौकशी करणारा स्वतंत्र ब्यूरो २०१२ पासून आहे. त्याच्या तपासाचा उद्देश दोष ठरवणं किंवा शिक्षा देणं नसतो, पुढचा अपघात टाळणं असतो, आणि हे नियमांतच लिहिलेलं आहे. अंतिम अहवाल संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. फौजदारी आणि भरपाईचं प्रकरण वेगळं चालतं.

मोठ्या विमानांत ब्लॅक बॉक्स असतो म्हणून लोक छोट्यातही तो शोधतात. ५,७०० किलोंच्या आतल्या बहुतेक विमानांत तो नसतो. मग तपास उरतो अवशेष, रडारच्या नोंदी, साक्षीदारांचे फोनवरचे व्हिडिओ आणि देखभालीच्या वह्यांवर. शेतकऱ्याने काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फार मोलाचा ठरतो. तो आधी तपास करणाऱ्यांना द्यावा, व्हॉट्सअॅपवर फिरवू नये.

सालाच्या प्रकरणातून प्रत्येकाने उचलावं ते हे: ओळखीच्या माणसाने "माझ्या मित्राचं विमान आहे, खर्च वाटून घेऊ" म्हटलं तर थांबा. खासगी नोंदणीचं विमान भाड्याने चालवता येत नाही. त्यासाठी विमान वाहतूक महासंचालनालयाची वेगळी परवानगी लागते, त्यात वैमानिक, देखभाल, विमा सगळ्याच्या अटी कडक असतात. तशी परवानगी नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते आणि कुटुंब उघड्यावर पडतं.

---

सुनंदा_होटगी
९ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३:०२

विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्यांचाही यात वाटा आहे, तो कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते.

विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. तिच्यावरून सोलापूर किती वर्षं भांडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या कारखान्यावर ज्यांचा ऊस जायचा त्यांचं दुःख मला घरातून माहीत आहे. तो वाद इथे नको. पण एवढा खटाटोप करून वाट मोकळी केल्यावर आपण कचरा उघड्यावर टाकतो, मटण-चिकनच्या दुकानांतले टाकाऊ तुकडे ओढ्याकडेला फेकतो, आणि त्यावर घारी घिरट्या घालतात. मोठ्या विमानाला घार लागली तर दुसरं इंजिन असतं. एका इंजिनाच्या विमानाची समोरची काच फुटली तर आत एकटा माणूस. होटगी तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, ते यायलाच हवेत, त्यांना दोष नाही. उकिरडा आपला आहे.

दुसरं, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या आगेमागे पतंग. आणि मिरवणुकांतले लेझर. वैमानिकाच्या डोळ्यांवर उतरताना लेझर आला तर काही क्षण त्याला काहीच दिसत नाही. गल्लीतल्या मंडळांच्या पोरांना हे सांगितलं तर ती ऐकतात, मी सांगून बघितलंय.

---

जुळेसोलापूरकर
९ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. सुनंदाताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकतो.

एक आठवण करून देतो. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचा ढगांवरचा प्रयोग सोलापुरातून चालला होता. केगावच्या सिंहगड कॉलेजवर रडार बसवलेलं, आणि होटगी रोडवरून छोटी विमानं थेट ढगांकडे जायची, काही ढगांत क्षारांचे कण सोडायची. ज्या ढगांपासून लांब राहा असं प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला सांगतात, तिथेच ही माणसं ठरवून जात होती. फरक कुठे होता? खाली रडारवर बसलेला माणूस, त्याच कामासाठी सज्ज केलेलं विमान, उपकरणांवर उडवणारे वैमानिक, आणि कुठला ढग घ्यायचा हे आधी ठरलेलं. मला वाटतं विमानाच्या आकाराला घाबरण्यापेक्षा बिनतयारीच्या उड्डाणाला घाबरावं.

हेलिकॉप्टर हा वेगळा विषय आहे, पण आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचा अपघात मला इथे जोडावासा वाटतो. २ सप्टेंबर २००९, नल्लमलाचं जंगल, मुसळधार पाऊस. चौकशीत आढळलं की गिअरबॉक्सच्या तेलाच्या दाबाबद्दल एक इशारा आला, आणि वैमानिकांची कित्येक मिनिटं पुस्तिका चाळण्यात गेली. तेवढ्यात हवामान अंगावर आलं. दोघेही अनुभवी होते.

याउलट, १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत भर पावसात लिअरजेट धावपट्टीवरून घसरून मोडलं, आणि आतले आठही जण वाचले. खूप अपघात असे जीव न घेणारेही असतात.

---

लेकाची_आई
१० नोव्हेंबर २०२५, सकाळी ११:१०

माझा मुलगा हे शिक्षण घेऊन आला आहे, म्हणून तुमच्या बहिणीसाठी दोन शब्द.

व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. फी तासावर असते, आणि बहुतेकांनी शेत किंवा घर तारण ठेवून कर्ज काढलेलं असतं. हवा खराब, विमान दुरुस्तीला, प्रशिक्षक रजेवर, अशात महिने वाढतात आणि हप्ते चालू असतात. मग पोरं एकमेकांच्या तासांशी तुलना करतात. मुलाच्या संस्थेत एका मुलाने ताप लपवून उड्डाण केलं होतं, कारण नंबर गेला तर पुढचा आठ दिवसांनी. सुदैवाने काही झालं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली, कुणी दगावलं नाही, तेव्हा आम्ही दोघं रात्रभर जागे होतो.

आम्ही रोज फोनवर "आज उडालास का? किती तास झाले?" एवढंच विचारायचो. एके दिवशी तोच म्हणाला, आई हे विचारू नकोस. त्या दिवसापासून बंद केलं. न उडाल्याचा दिवस वाया गेला असं घरातून वाटू देऊ नका, बहिणीला एवढंच सांगा.

---

उत्तरवारा
१० नोव्हेंबर २०२५, रात्री ९:३०

काकू, माझ्या आईनेही हेच केलं होतं, मला तिची फार मदत झाली.

भाचीसाठी सांगते. महाराष्ट्रात आणि सीमेवर झालेल्या प्रशिक्षणातल्या अपघातांचे अहवाल तिने स्वतः वाचावेत. २०१७ मध्ये गोंदियाहून निघालेलं विमान वैनगंगेवर आडव्या बांधलेल्या तारेला अडकून पडलं. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या डोंगरात, मार्च २०२३ मध्ये बालाघाटच्या डोंगरात. वाचताना वाईट वाटेल, पण तार नकाशावर किंवा डोळ्यांना सहज दिसत नाही आणि डोंगर ढगात असतो, हे पुन्हा विसरणार नाही.

---

जुळेसोलापूरकर
११ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:२०

बहिणीने सगळा धागा वाचला. कुंभारीकरांचा प्रश्न आणि लेकाची आई यांचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला. आता तिचा प्रश्न असा: रात्रीचं उड्डाण शिकताना एकटीला करावं लागतं का, आणि त्यासाठी संस्थेला काय विचारायचं? भाची म्हणते मी विचारेन, बहीण म्हणते मी येणार.

---

उत्तरवारा
११ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:०२

दोघींनी मिळून जा, काही हरकत नाही. चांगल्या संस्थेला पालकांच्या प्रश्नांचा राग येत नाही.

हो, परवान्यासाठी रात्रीचे किमान पाच तास स्वतःच्या जबाबदारीवर आणि त्यात दहा उड्डाणं-उतरणं लागतात. विचारायचं ते असं: रात्रीचं उड्डाण कुठल्या धावपट्टीवर होतं, तिथले दिवे आणि वीज कुणाच्या ताब्यात, वीज गेली तर जनरेटर किती वेळात सुरू होतो. धुकं किंवा धूळ आली तर उतरायला दुसरा विमानतळ कोणता ठरवलाय आणि तो त्या वेळी उघडा असतो का. एक प्रशिक्षक दिवसाला किती तास उडतो. विद्यार्थ्याने "आज मला बरं नाही" म्हटलं तर त्याचा नंबर कुठे जातो. शेवटचा प्रश्न प्रशिक्षकांना विचारा आणि नंतर कँटीनमध्ये बसलेल्या मुलांनाही विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तर पुढचं बोला.

जानेवारी २०२३ चा मध्य प्रदेशातल्या रेवाचा अपघात वाचून जा. रात्र, दाट धुकं, शिकवणीचं विमान देवळाच्या शिखराला आणि विजेच्या तारांना धडकलं. वैमानिक गेले, विद्यार्थी जखमी झाला. त्या रात्री उड्डाण रद्द करायचा अधिकार कुणाकुणाकडे होता, हे डोक्यात ठेवून तो अहवाल वाचा, म्हणजे संस्थेत गेल्यावर आणखी काय विचारायचं ते आपोआप सुचेल.